जुना लाकडी पाइप: सफाई आणि देखभाल

आजोबांचा पाइप पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी सापडला. लोकरीच्या मफलरीत गुंडाळलेला, आणि मफलरीच्या घड्यांत कुणीतरी काळजीपोटी ठेवलेल्या डांबरगोळ्या. वाटीत राखेचा दगड झाला होता. तोंडात धरायचा काळा भाग शेवाळासारखा हिरवट-तपकिरी पडला होता. नाकाजवळ नेला तर शिळी तंबाखू आणि डांबरगोळी यांचा एकत्र वास. आई म्हणाली, "टाकून दे, घरात आता कोण ओढतंय?" पण हाच पाइप आजोबा रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत बसून साफ करायचे, आणि तार पुसायला कापडाचा तुकडा धरून बसायचं काम माझं असायचं. मला तो टाकवेना.

तो पाइप पुन्हा नीट व्हायला दीड महिना लागला. नंतर ओळखीतल्या लोकांनी आपापल्या घरातले पाइप आणून दिले आणि हात बसत गेला. मी स्वतः ओढत नाही. तंबाखूचा धूर छातीत न ओढता नुसता तोंडात घोळवला तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच, हे ओढणाऱ्याने माहीत असूनच ओढावं. पण पाइप ही एक घडवलेली वस्तू आहे. कुणी वापरत असो वा आठवण म्हणून जपत असो, ती नीट ठेवायची रीत एकच आहे.

ती रीत कळायला एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. पाइप आगीने क्वचित बिघडतो, ओलीने हमखास बिघडतो. तंबाखूत मुळात ओल असते, जळताना तिची वाफ होते, शिवाय जळण्यातूनही वाफ तयार होते. ही वाफ वाटीतून पुढच्या थंड नळीत आली की तिचं पाणी होतं. त्या पाण्यात डांबर आणि राख मिसळून काळा, कडू, चिकट रस तयार होतो. लाकूड तो पितं. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या लाकडात पुन्हा निखारा पेटला की लाकूड आंबट वास सोडायला लागतं, चव बिघडते आणि पुढे तडे जातात. खाली जे जे सांगितलंय ते सगळं या रसाला बाहेर काढण्यासाठी आणि लाकडाला सुकायला वेळ देण्यासाठी आहे.

आधी पाइप ओळखून घ्या

तंबाखू भरायची ती वाटी. वाटीला जोडलेली लाकडी दांडी. दांडीच्या भोकात बसणारा काळा किंवा रंगीत भाग म्हणजे स्टेम, आणि स्टेमच्या टोकाला जो बारीक गोल खुंट दांडीत शिरतो त्याला टेनन म्हणतात. दांडीतलं ते भोक, म्हणजे खुंटाची खोबण, ही पाइपमधली सगळ्यात घाण आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा. रस साठतो तो इथेच. नवखा माणूस वाटी चकाचक करतो आणि ही खोबण तशीच सोडतो.

चांगले लाकडी पाइप बहुतेक ब्रायरचे असतात. एरिका आर्बोरिया नावाचं भूमध्य समुद्राच्या काठचं झुडूप आहे. त्याचं खोड आणि मुळं यांच्या मधोमध जमिनीत एक टणक गाठ वाढते, ती म्हणजे ब्रायर. कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीतला कॅलाब्रिया, अल्जीरिया इथून या गाठी येतात. एक चांगली गाठ तयार व्हायला काही दशकं जातात. कापल्यावर तिचे तुकडे तासन्‌तास पाण्यात उकळून त्यातला चीक आणि टॅनिन काढतात, मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या सेंट-क्लोद गावात १८५० च्या दशकात ब्रायरचे पाइप करायला सुरुवात झाली. त्या गावात लाकूड कातणारे कातारी आधीपासून होतेच. ब्रायर घट्ट असतं, उष्णतेला टिकतं आणि थोडी ओल शोषूनही फाटत नाही, म्हणून ते रुळलं. ओळखायचं कसं? पाइपच्या एखाद्या बाजूला पक्ष्याच्या डोळ्यासारखे बारीक ठिपके आणि दुसऱ्या बाजूला सरळ किंवा ज्वाळेसारख्या रेषा दिसत असतील तर ते ब्रायर असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे हस्तकलेच्या दुकानांत शिसवीचे नक्षीदार पाइप मिळतात. दिसायला सुरेख असतात. पण ब्रायरइतकी उष्णता ते सहन करत नाहीत, आणि काहींना आतून-बाहेरून चकचकीत लाख लावलेली असते. ते शोभेला ठेवावेत असं माझं मत आहे. मक्याच्या कणसाचे आणि मिअरशॉम या पांढऱ्या खनिजाचे पाइप वेगळ्या जातीचे, त्यांना या लेखातली स्पिरिटची सफाई लावू नका.

आता स्टेम. जुन्या पाइपचं स्टेम बहुधा एबोनाइटचं असतं. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की हा कडक काळा पदार्थ होतो. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा भाग बहुधा याचाच असतो, जुने फाउंटन पेनही याचेच. कापडाने जोरात घासा आणि वास घ्या. रबर-गंधकाचा वास आला तर एबोनाइट. वास नाही, पृष्ठभाग काचेसारखा, दाताला टणक लागतो, तर अ‍ॅक्रिलिक. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

लागणारं सामान

पाइप क्लीनर हवेतच, म्हणजे मऊ तारेभोवती सूत पिळलेल्या काड्या. क्राफ्टच्या दुकानात मुलांच्या प्रोजेक्टसाठी मिळणारे रंगीबेरंगी क्लीनर घेऊ नका. ते सिंथेटिक असतात, रस शोषत नाहीत, नुसता पसरवतात. सुती क्लीनर ऑनलाइन किंवा तंबाखूच्या चांगल्या दुकानात मिळतात.

बाकीचं घरातलं किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातलं: कापूस, कानकोरणीच्या कापूसकाड्या, जुन्या बनियनचे मऊ सुती तुकडे, हार्डवेअरच्या दुकानातला ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, एक इंजेक्शनची सिरिंज (सुई नको), थोडं मधमाश्यांचं मेण.

आणि स्पिरिट. आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, केमिस्टकडे 'आयपीए' म्हटलं तरी कळतं. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम, ते उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. रंगवाल्याच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट अजिबात नको, त्यात मिथेनॉलसारखे विषारी पदार्थ मिसळलेले असतात आणि ही वस्तू तोंडात जाणार आहे. आजोबा रम वापरायचे. रोजच्या पुसण्याला ती चालते, पण आपल्याकडच्या रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, उरलेलं बहुतेक पाणी. खोल सफाईसाठी इतकं पाणी लाकडात घालण्यात अर्थ नाही. स्पिरिट भुर्रकन पेटतं, तेव्हा गॅस, समई, उदबत्ती यांपासून लांब, खिडकी उघडी ठेवून बसा.

ओढून झाल्यावर, दर वेळी

पहिला नियम: गरम पाइपचं स्टेम काढायचं नाही. ओढून झाल्या झाल्या दांडीचं लाकूड ओलसर आणि तापलेलं असतं, खुंट मऊ पडलेला असतो. त्या वेळी ओढलंत तर खुंट तुटतो किंवा दांडीला चीर जाते. हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा. याला एक अपवाद आहे. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने १८९० मध्ये 'सिस्टिम' पाइपचं पेटंट घेतलं. त्यात धुराच्या भोकाखाली रस साठायला छोटी विहीर ठेवलेली असते आणि स्टेम निमुळतं होत जाऊन धातूच्या कड्यात नुसतं दाबून बसतं. असं स्टेम कोमट असताना काढता येतं, आणि विहिरीतला रस झटकून टाकावाच लागतो. त्याचा हा सगळा खटाटोप ओलीसाठीच होता.

उरलेली तंबाखू आणि राख टॅम्परच्या, म्हणजे तंबाखू दाबायच्या अवजाराच्या, चमच्याने हळूच सैल करून हातावर किंवा कागदावर काढा. टेबलाच्या कडेवर, पायरीवर, बुटाच्या टाचेवर आपटू नका. सिनेमात छान दिसतं ते. दांडी जिथे वाटीला मिळते तिथे तिची मान बारीक असते आणि ती तिथेच मोडते. ठोकायचंच असेल तर बाटलीच्या बुचावर, तेही वाटी मुठीत धरून.

मग स्टेमच्या टोकातून एक क्लीनर आत घाला, वाटीच्या तळाच्या भोकातून त्याचं टोक दिसेपर्यंत. थोडा वेळ तसाच ठेवा, मग ओढून काढा. काळा आला तर दुसरा. टिश्यू पेपरचा तुकडा पिळून वाटीच्या तळाशी फिरवा, कारण तळातली ओल क्लीनरला सापडत नाही. तास-दोन तासांनी गार झाल्यावर स्टेम पिळत पिळत काढा, क्लीनर दुमडून जाड करून दांडीतल्या खोबणीत घाला आणि फिरवा. इथून जे निघतं ते बघून लोक थक्क होतात. नऊ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर असलेला पाइप असेल तर वापरलेला फिल्टर आत ठेवून देऊ नका.

स्टेम काढताना आणि घालताना नेहमी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे पिळायचं. वाटी हाताच्या मुठीत नको, दांडी चिमटीत धरा, जोर जिथे लागतो त्याच्या जवळ. मग पाइप उभा ठेवा, वाटी खाली आणि स्टेम वर, हवा लागेल असा. किमान एक दिवस त्याला हात लावायचा नाही, दोन दिवस दिले तर आणखी बरं. म्हणूनच नियमित ओढणाऱ्याकडे एकापेक्षा जास्त पाइप असतात. आजोबांचे तीन होते आणि त्यांचे वार ठरलेले होते.

आठ-दहा वेळा वापरल्यावर

आता स्पिरिट. गार पाइप सोडवा. क्लीनरचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून, जास्तीचं झटकून, दांडीच्या नळीत घाला. मग कोरडा क्लीनर. पुन्हा ओला, पुन्हा कोरडा. कापूसकाडी स्पिरिटमध्ये भिजवून खोबणीत फिरवा, पांढरी निघेपर्यंत. पाच-सहा काड्या सहज लागतात. वाटीच्या बाहेरच्या अंगाला स्पिरिट लागू देऊ नका, रंग आणि लाख दोन्ही उठतात. मी दांडीच्या तोंडाला ओलं कापड न गुंडाळता कोरडी पट्टी गुंडाळते, ओघळ आलाच तर ती लगेच पिते.

स्टेमच्या बाबतीत एबोनाइट आणि अ‍ॅक्रिलिकचा फरक इथे आठवा. एबोनाइटला स्पिरिटचा क्लीनर चालतो. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटने जाळीसारखे बारीक तडे पडू शकतात, त्याला भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी आणि क्लीनर एवढंच पुरे.

वाटीतला काळा थर

वापरता वापरता वाटीच्या आतल्या भिंतीवर कोळशाचा थर जमतो. हा थर घाण नव्हे. तो निखारा आणि लाकूड यांच्या मध्ये उभा राहतो, लाकूड जळू देत नाही, थोडी ओलही धरतो. नव्या पाइपला तो मुद्दाम जमवावा लागतो, म्हणून सुरुवातीला वाटी अर्धीच भरून, सावकाश ओढायला सांगतात. पण थर जाड झाला की तोच घात करतो. तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारखे फुगत नाहीत, जाड थर आतून दाबतो आणि वाटीला चीर जाते. एक मिलिमीटरच्या आसपास ठेवा, नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त नको.

थर खरवडायला रीमर नावाचं अवजार मिळतं. वाटीच्या मापाचं पातं घ्यायचं, सरळ उभं धरायचं, हलक्या हाताने फिरवायचं आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी राख झटकून आत बघायचं. रीमर नसेल तर जाड पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून तेच करा, वेळ जास्त लागेल पण चूक कमी होईल. भाजीची सुरी किंवा पेननाइफचं टोक घालू नका. टोक तळाशी रुततं आणि हळूहळू तळ खोल होत जातो, मग धुराचं भोक तळापेक्षा वर राहतं आणि तिथे कायम ओल साचते. वाटीचा गोल आकारही वाकडा होतो. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, तेव्हा थोडा थर राहून गेला तर राहू द्या.

ट्रंकेतून निघालेल्या पाइपला मात्र थर जवळजवळ पूर्ण काढावा लागतो, भिंत शाबूत आहे का ते बघायला. बोट आत फिरवा. गुळगुळीत लागलं पाहिजे. कुठे खोलगट, भुसभुशीत लागलं किंवा बाहेरच्या अंगाला त्याच जागी काळसर डाग दिसत असेल, तर लाकूड आतून जळत आलंय. असा पाइप पेटवू नका, जपून ठेवा.

स्टेम निघतच नसेल

जुन्या पाइपचा रस वाळून डिंकासारखा होतो आणि खुंट आत चिकटतो. इथे मी एकदा मोठी चूक केली. एका मित्राच्या वडिलांचा पाइप होता, दोन हातांनी धरून जोर लावला आणि खुंट दांडीच्या तोंडाशी कट्‌ करून तुटला. तो आवाज अजून कानात आहे. ओळखीच्या एका लेथवाल्याने तुटका खुंट काढून डेलरिन या कडक प्लास्टिकचा नवा बसवून दिला म्हणून निभावलं.

त्यानंतर मी असा पाइप आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवते. थंडीने खुंट किंचित आकसतो आणि वाळलेला डिंक ठिसूळ होतो. बाहेर काढून लगेच हलकेच पिळायचं. नाही निघालं तर परत फ्रीझर. तरीही नाही तर वाटीच्या बाजूने नळीत चार थेंब स्पिरिट सोडून रात्रभर ठेवायचं. आजोबांचं स्टेम निघायला तीन दिवस लागले.

एक रात्र कापूस आणि स्पिरिट

लाकडात मुरलेला जुना वास काढायला ही सफाई. बरेच लोक वाटीत जाडं मीठ भरून त्यावर स्पिरिट ओततात. तेही काम करतं. मी कापूस वापरते, कारण मिठाचा एखादा कण नळीत अडकून राहिला तर तो पुढे ओल धरतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आपण दर वर्षी बघतो.

दांडीच्या नळीत कापसाची वात वळून घाला, देवापुढच्या फुलवातीपेक्षा लांब आणि सैल. तिचं एक टोक खोबणीत राहू द्या. वाटीत कापूस भरा, दाबून कोंबू नका. पाइप अंड्याच्या ट्रेमध्ये किंवा तांदळाच्या वाटीत असा टेकवा की वाटीची कड आणि दांडीचं तोंड साधारण एका पातळीत येईल. सिरिंजने कापसावर थेंब थेंब स्पिरिट सोडा, कडेच्या थोडं खाली राहील इतकंच. कडेवर आलेलं लगेच टिपा. तासाभराने कापूस ते पिऊन टाकतो, तेव्हा थोडं आणखी घाला आणि झोपा.

सकाळी कापूस बघा. आजोबांच्या पाइपमधला गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. वर फिकट पिवळा, खाली जाता जाता काळा, आणि वातीला गुळाच्या पाकासारखा रस धरलेला. स्पिरिट उडून जाताना लाकडातला रस बाहेर ओढून घेतं आणि तो कापसात अडकतो. मी तो कापूस चिमट्याने काढला, नवा भरला, आणि असं चार रात्री केलं. चौथ्या सकाळी तो साध्या बदामी रंगाचा निघाला. तिथे मी थांबले, पांढऱ्या कापसाचा हट्ट धरला नाही.

मग खोबणीत उरलेला मऊ झालेला डिंक कापूसकाड्यांनी काढा, क्लीनर फिरवा आणि पाइप उघडा, स्टेमशिवाय, वाळू द्या. उन्हाळ्यात चार दिवस, पावसाळ्यात दहा. स्पिरिटचा जरासाही वास येत असेल तोवर आगकाडी जवळ न्यायची नाही. उन्हात ठेवू नका, लाकूड एका बाजूने पटकन सुकतं आणि फाटतं.

डांबरगोळीचा वास मात्र एवढ्यानेही गेला नव्हता. डांबरगोळी उडून हवेत जाते, तेव्हा तिला वेळ आणि हवा हाच उपाय. पाइप महिनाभर कपाटावर उघडा ठेवला, नळीतली वात आठवड्याने बदलली. डांबरगोळीतलं नॅप्थलिन विषारी असतं, म्हणून तो वास पूर्ण जाईपर्यंत असा पाइप ओढू नका. आणि घरात कुणाचा पाइप कपड्यांच्या ट्रंकेत असेल तर आजच बाहेर काढा.

वाटीची कड

कडेवरचा काळेपणा दोन प्रकारचा असतो. वर साठलेली काजळी आणि खरोखर जळलेलं लाकूड. काजळी निघते, जळलेलं निघत नाही. पाणी-साबण नको. कापसाची बोळी किंचित ओली करून, आजोबा तर थुंकी लावून, गोल गोल पुसायचे. थुंकीतल्या पाचकरसाने काजळी सुटते असं ते म्हणत, आणि माझ्या अनुभवात ती साध्या पाण्यापेक्षा खरंच लवकर सुटते. दहा मिनिटं पुसा, बोळी बदला, पुन्हा. वॉटर पेपर कडेला लावायचा मोह टाळा, मूळ रंग जातो आणि कडेची गोलाई कायमची बिघडते.

स्टेमचा हिरवेपणा

एबोनाइटवर ऊन आणि हवा लागून त्यातलं गंधक पृष्ठभागावर येतं आणि काळ्याचं हिरवट-तपकिरी होतं. ओठाला ते कडू लागतं. वेळ लागला तरी हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण फरक डोळ्यांसमोर दिसतो.

आधी स्टेमवर दाताचे खड्डे असतील तर ते उचला. एबोनाइटला आपला मूळ आकार आठवतो. नळीत क्लीनर घालून ठेवा म्हणजे भोक बुजणार नाही, आणि लायटरची ज्योत खड्ड्याखाली दूर धरून सतत हलवत राहा. काही सेकंदांत खड्डा वर येताना दिसतो. ज्योत एका जागी थांबली तर एबोनाइट जळतं. अ‍ॅक्रिलिकवर हा प्रयोग करू नका.

मग ऑक्सिजन ब्लीचची पावडर कोमट पाण्यात विरघळवून त्यात स्टेम रात्रभर बुडवा. स्टेमवर कंपनीचं पांढरं चिन्ह किंवा ठिपका असेल तर त्यावर आधी व्हॅसलीन लावा. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, एबोनाइटला बारीक खड्डे पडतात. सकाळी स्टेम मातकट, खरखरीत दिसेल. घाबरू नका, वरचा थर मऊ झालेला आहे.

आता वॉटर पेपर. दांडीला चिकटून बसणारी स्टेमची कड घासताना गोल होऊन जाते आणि मग जोडाला कायमची फट दिसते. हे टाळायला आइसक्रीमच्या डब्याच्या झाकणातून एक छोटी चकती कापा, मधोमध खुंटाएवढं भोक पाडा आणि ती खुंटावर चढवा. घासणं चकतीवर थांबतं, कड शाबूत राहते.

४०० चा पेपर पाण्यात भिजवा, दोन बोटांवर घ्या आणि स्टेमच्या लांबीच्या दिशेने घासा. पाणी पिवळट तपकिरी होईल, रबराचा वास सुटेल. दर मिनिटाला पुसून खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघा, ओलं असताना सगळंच काळं दिसतं आणि फसायला होतं. हिरवी झाक पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या पेपरवर जाऊ नका. ८०० वर काळा रंग धुरकट दिसतो. १००० वर तो पाटीसारखा होतो. २००० झाला की बनियनच्या तुकड्याने कोरडं चोळा आणि खिडकीची चौकट स्टेममध्ये उमटलेली बघा. शेवटी खायच्या तेलाचा अगदी एक थेंब बोटावर घेऊन चोळा आणि पुसून काढा. पुढे पाइप उन्हात ठेवला नाही आणि वापरानंतर स्टेम कोरडं पुसलं तर हे पुन्हा बरीच वर्षं करावं लागणार नाही.

बाहेरचं लाकूड

ओलसर कापडाने धूळ पुसा, बस. दांडीवर कंपनीचं नाव, गावाचं नाव किंवा आकाराचा आकडा दाबून उमटवलेला असतो. तिथे काहीही घासू नका. तोच पाइपचा जन्मदाखला आहे, आणि पुसट झाला की पाइप कुठला, कधीचा हे कळायचा मार्ग बंद होतो.

चमक मेणाने येते. ब्राझीलमधल्या पामच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण यासाठी सर्वांत चांगलं, कडक असतं आणि उष्णतेला टिकतं. पण ते फिरत्या कापडी चाकावर चढवावं लागतं. हाताने करायचं तर मधमाश्यांचं मेण कोमट करून नखभर घ्या, पातळ पसरवा, पाच मिनिटांनी जोरात चोळा. हातात धरल्यावर ते थोडं मऊ लागेल, दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल, पण लाकडाचा रंग सुंदर खुलतो. गाडीचं पॉलिश नको. सुताराकडची लाख किंवा वार्निश तर नकोच, तापल्यावर फुगून फोड येतात. वाटीच्या आत यातलं काहीही लावायचं नाही.

स्टेम सैल किंवा घट्ट, आणि पावसाळा

आपल्या हवेत हे होणारच. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि स्टेम घट्ट होतं, मार्च-एप्रिलमध्ये तेच सैल पडतं. घट्ट झालं तर पॉलिश पेपरने खुंट घासायला जाऊ नका. मऊ पेन्सिलीचं शिसं खुंटावर गोल फिरवून लावा, सर्रकन बसतं. सैल झालं तर खुंटाला मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्या आणि लाकूड सुकलेलं असेल तर थोडे दिवस वाट बघा. ऋतू बदलला की बहुधा आपोआप जमतं.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात न वापरलेल्या पाइपला वाटीच्या आत पांढरी बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवलेल्या पाइपला आधी. कापडी पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, वरच्या कप्प्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून नळीत कोरडा क्लीनर फिरवा. बुरशी धरलीच तर कोरड्या टिश्यूने पुसून वर सांगितलेली कापूस-स्पिरिटची एक रात्र द्या आणि नीट वाळवा.

आजोबांचा पाइप आता माझ्या टेबलावर असतो, वाटी खाली, स्टेम वर, नळीत एक पांढरा क्लीनर. पावसाळा सुरू झाला की तो क्लीनर दर रविवारी बदलते. मागच्या रविवारी काढला तो अगदी कोरा निघाला.